सात नंबरची नळी

१

कचरा डेपोवरचे सगळे लोक मोजणीदाराला पाठीमागं ‘फूटपट्टी’ म्हणायचे. त्याला हे ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून तो खूशच होता. बावीस वर्षांच्या नोकरीत त्याचा एक आकडा चुकला नव्हता. माणूस कसा, तर चहाचा कपसुद्धा टेबलाच्या कडेपासून चार बोटं आत ठेवणारा. अशा माणसाबरोबर संसार करणं म्हणजे काय असतं, ते त्याच्या बायकोला विचारा.

सकाळी साडेसातला त्याची फेरी सुरू व्हायची. डाव्या हाताला कचऱ्याचा जुना डोंगर, उजव्या हाताला नवी सपाट केलेली जागा. डोंगर भरला होता, पुढं जागा हवी होती, आणि पुढं ओढा आडवा आलेला. मग वरच्या लोकांनी ठरवलं, ओढाच हलवा. दीड वर्ष खोदकाम चाललं. डेपोला वळसा घालून नवा पाट खणला, त्याला दगडी काठ बांधले, आणि तीन आठवड्यांपूर्वी ओढ्याचं पाणी त्यात वळवलं. जुनं पात्र मातीनं भरून टाकलं. त्यावर आता दिवसभर रोलर फिरत होता. माती दाबून झाली की त्यावर जाड काळं प्लास्टिक अंथरायचं, आणि मग त्यावर कचरा.

मोजणीदाराचं काम साधं होतं. नव्या पाटात पाणी किती ते रंगवलेल्या खुंटावर बघायचं. मग जुन्या पात्राच्या रेषेवर जमिनीत खोल गेलेल्या बारा नळ्या होत्या, चार बोटं रुंद, त्या प्रत्येकीत टेप सोडायची. टेपच्या टोकाला वजन, त्याला हुकासारखा वाकडा आकडा. खाली पाणी लागलं की वरची डबी किर्र वाजायची. नाही वाजली तर वहीत लिहायचं, ‘कोरडी’.

त्या सोमवारी तो पाटाच्या काठावर बुटाची नाडी बांधायला वाकला, आणि तसाच वाकलेला राहिला.

समोर पाणी दगडांवर आपटत होतं. फेस येत होता, भोवरे फिरत होते, एक प्लास्टिकची बाटली गटांगळ्या खात चालली होती. आणि आवाज नव्हता. खळखळ नाही, साधी चुळबुळसुद्धा नाही.

त्यानं कानात करंगळी घालून हलवली. रोलरचा मागं सरतानाचा पीं-पीं ऐकू येत होता. कावळे ऐकू येत होते. त्यानं एक दगड उचलून पाण्यात टाकला. दगड पडला, पाणी उडालं, त्याच्या पँटवर चार थेंब आले. आवाज तेवढा आला नाही.

“वयच झालं तुझं,” तो स्वतःशी म्हणाला. खुंटावरचा आकडा त्यानं वहीत लिहिला. आवाजासाठी वहीत रकाना नव्हता.

२

घरी मात्र सगळं आनंदीआनंद होतं. त्याला कारण होता मेव्हणा.

मेव्हणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, वय पस्तीस, लग्न नाही, धड ठिकाण नाही. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता. बहिणीनंच त्याला लहानाचा मोठा केला. लग्न ठरलं तेव्हा तिनं मोजणीदाराला सरळ सांगितलं होतं, “माझ्याबरोबर हाही येईल. पटत असेल तर बघा.” त्याला पटलं. त्यानंच पुढं मेव्हण्याला डेपोवर पंप चालवायला लावून दिलं, आणि बायकोला शब्द दिला की माझी नजर असेल त्याच्यावर.

पण कसली नजर नि कसलं काय! मेव्हणा घरात यायचा तोच मुळी दणदणाट करत. बूट एक इकडं, एक तिकडं. गळ्यात कामावरची शिट्टी, तीही घरात वाजवायचा. बहिणीला हाक मारायची तर “ए म्हातारे!” ती हातातलं काहीही फेकून मारायची आणि मग दोघं पोट धरून हसायची. कामावर टंगळमंगळ, खोटं बोलणं तर इतकं सफाईदार की ऐकणाऱ्याला कौतुक वाटावं. कधी रात्र-रात्र बाहेर. ती खिडकीत बसून राहायची आणि हा आला की रडायची.

आणि आता? गेले तीन आठवडे तो सहाच्या ठोक्याला घरी. बूट दाराशी जोडीनं. जेवण झालं की स्वतःचं ताट स्वतः घासायचा. बहिणीला ‘ताई’ म्हणायचा.

“सुधारला हो एकदाचा,” बायको दहा वेळा म्हणाली असेल. “मला बाई आता रात्री झोप लागते.”

मोजणीदारानं मान डोलावली. खरंच लागत होती. तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं निवळली होती, गाल भरले होते. त्यालाही बरं वाटत होतं, का वाटू नये?

फक्त त्या सोमवारी, ओढ्यावरून आल्यावर, जेवताना त्याचं लक्ष गेलं. मेव्हणा चमच्यानं ताट खरवडत होता. स्टीलचा चमचा, स्टीलचं ताट. बायकोच्या हातातल्या बांगड्या किणकिणत होत्या, त्याचा स्वतःचा घास कचकच वाजत होता. मेव्हण्याच्या ताटातून काहीच ऐकू येत नव्हतं. मग तो उठला, खुर्ची मागं सारली, मोरीत जाऊन ताट घासलं, नळ सोडला.

घर अगदी शांत होतं.

“काय बघताय, भाऊजी?” मेव्हण्यानं नेहमीसारखं बहिणीच्या पदराला नाही, टॉवेलला हात पुसत विचारलं. आवाज तोच, हसूही तेच.

“काही नाही,” मोजणीदार म्हणाला. “जेव म्हटलं पोटभर.”

“जेवलो की,” मेव्हणा म्हणाला.

३

आता तीन आठवड्यांपूर्वी काय झालं होतं ते सांगायलाच हवं, कारण मोजणीदारानं ते कुणालाच सांगितलं नव्हतं.

ओढ्याचं जुनं पात्र भरण्याआधी त्यात माणूस, जनावर, यंत्र काही राहिलं नाही ना, हे बघायची डेपोवर एक रीत होती. तिला सगळे ‘भेट’ म्हणायचे. दोन माणसं दोन टोकांनी पात्रात उतरायची, एक वरून, एक खालून. चालत चालत मधे भेटायची. इथं मधे म्हणजे जुन्या रस्त्याखालची सिमेंटची लांबलचक मोरी, तिच्या पोटात. भेटले की एकमेकांचे पितळी बिल्ले बदलायचे आणि पुढच्या टोकानं बाहेर यायचं. दुसऱ्याचा बिल्ला हातात असला म्हणजे सगळं पात्र पायाखालून गेलं, याचा तो पुरावा. मग ते बिल्ले ऑफिसातल्या फळीवर टांगायचे, कागदावर सही करायची, आणि डंपर सोडायचे.

शिट्टीचाही नियम होता. एक लांब म्हणजे ‘कुठं आहेस?’ दोन आखूड म्हणजे ‘आलो’. आणि लांब शिट्टी मारणाऱ्यानं उत्तर येईपर्यंत जागचं हलायचं नाही. उत्तर नाही आलं तर दर दहा मिनिटांनी पुन्हा मारायची. कारण पूर्वी कधी तरी दोघं जण झाडोऱ्यात एकमेकांना चुकले होते आणि शोधत बसायची वेळ आली होती. नियम मोजणीदारानंच लिहून भिंतीवर लावला होता, सुवाच्य अक्षरात.

त्या दिवशी ऊन मरणाचं होतं. मोजणीदाराचा गुडघा सकाळपासून ठणकत होता. इंजिनिअर मॅडम घाईत, डंपरांची रांग लागलेली. बावीस वर्षांत पहिल्यांदा त्याच्या मनात आलं, मोरी काय, कालच तर बघितली आहे. त्यानं ऑफिसच्या पायरीवरच मेव्हण्याला गाठलं, आपला चार नंबरचा बिल्ला काढून त्याच्या हातात ठेवला आणि त्याचा नऊ नंबरचा मागून घेतला.

“तू खालून मोरीपर्यंत जा आणि माघारी ये. मी वरून तेवढंच करतो. झाली भेट.”

मेव्हणा बघतच राहिला. मग मोठ्यांदा हसला. “भाऊजी, तुम्ही? पट्टी वाकली म्हणायची!”

“जा रे गप.”

मोजणीदार पात्रात उतरलाच नाही. काठाकाठानं थोडा चालला, गुडघा बोलायला लागला तसा झाडाखाली बसला. चारच्या सुमाराला मेव्हणा खालच्या टोकानं वर आला, ऑफिसात जाऊन त्यानं चार नंबरचा बिल्ला फळीवर टांगला. मोजणीदारानं नऊ नंबरचा टांगला आणि सही केली. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मोरीची दोन्ही तोंडं बुजवली गेली.

एवढंच. कुणाचं काही बिघडलं नव्हतं. मेव्हणा घरी येऊन जेवला होता.

४

मंगळवारी सात नंबरच्या नळीत टेप सोडताना त्याला शिट्टी ऐकू आली.

सात नंबर बरोबर मोरीच्या डोक्यावर होती. आवाज बारीक, खोलातून, लांब आणि एकसुरी. मोजणीदारानं टेप वर ओढली. डोकं शाबूत होतं. नळीच्या तोंडावरून वारा गेला की ती वाजणारच; बाटलीवर फुंकर मारली की वाजते तशी. त्यात रोलर फिरतोय, माती दबतेय, खालची हवा वर येतेय. त्यानं नळीला झाकण लावलं आणि आठ नंबरकडं गेला. आठ गप्प होती. नऊ, दहा, अकरा, बारा, सगळ्या गप्प.

बुधवारी तो मुद्दाम दुपारी गेला. जेवणाची सुटी, रोलर बंद, वारा इतका पडलेला की ढिगावरची पिशवीसुद्धा हलत नव्हती. त्यानं नळीशेजारी रुमाल अंथरला, त्यावर बसला, मनगटावरचं घड्याळ समोर धरलं. म्हटलं, बघू या.

पहिल्यांदा त्याला ऐकू आलं पाणी. खळखळ. ओढ्याचा तोच जुना आवाज, लहानपणी उशाशी असावा तसा ओळखीचा, खाली मातीत, जिथं पाण्याचा थेंब नव्हता तिथं. टेप तर कोरडीच येत होती. त्याला एकदम नवा पाट आठवला, तो मुका फेस, ती गटांगळ्या खाणारी बाटली. पाणी तिकडं गेलं होतं. हे मात्र इथंच राहिलं होतं.

मग शिट्टी. एक लांब.

बारा वाजून बारा मिनिटं.

तो बसून राहिला. मानेवरून घामाचा ओघळ पाठीत उतरला. बारा बावीसला पुन्हा एक लांब. बारा बत्तीसला पुन्हा. वाऱ्याला घड्याळ कुणी दिलं होतं?

आणि मग, जे कळू नये असं त्याला वाटत होतं, ते त्याला कळलं. अख्ख्या जन्मात एक काम सरळ न केलेला तो माणूस त्या दिवशी मोरीत शिरला होता. भाऊजी नियम मोडतील यावर त्याचा विश्वासच बसला नव्हता. पायरीवरचं बोलणं त्यानं थट्टेवारी नेलं असणार. आपल्याला जोखतायत, असं त्याला वाटलं असणार. म्हणून तो आत गेला, मधोमध उभा राहिला, एक लांब शिट्टी मारली. आणि उत्तराची वाट बघत जागचा हलला नाही.

“मूर्खा,” मोजणीदार नळीशेजारी म्हणाला. त्याचा आवाज फुटला होता. “अरे मूर्खा, घरी आहेस ना तू! माझ्या घरी जेवतोयस ना!”

बारा बेचाळीसला पुन्हा एक लांब आली. त्याच्याही गळ्यात शिट्टी होती. ती त्यानं ओठांपर्यंत नेली, दात पितळेवर वाजले, आणि मग त्यानं ती शर्टाच्या आत टाकून दिली.

५

संध्याकाळी बायको शेजारणीकडं गेली होती. मेव्हणा पुढच्या खोलीत खुर्चीवर बसला होता, हात मांड्यांवर, दिवा न लावता. पूर्वी त्याला पाच मिनिटं स्वस्थ बसवायचं तर बांधून घालावं लागलं असतं.

“दिवा लाव की,” मोजणीदार म्हणाला.

दिवा लागला. बटण वाजलं नाही.

“तुझी शिट्टी कुठाय रे?”

“हरवली.”

“कधी?”

“झाले की दिवस.”

मोजणीदार समोर बसला. आपण काय विचारतोय हे त्याला नीट ठाऊक होतं, आणि विचारू नये असंही वाटत होतं. “त्या दिवशी, भेटीच्या दिवशी, तू कुठपर्यंत गेला होतास?”

“मोरीपर्यंत गेलो, माघारी आलो.”

“आत नाही गेलास?”

“मोरीपर्यंत गेलो, माघारी आलो,” मेव्हणा म्हणाला. तोच सूर, त्याच जागी तोच श्वास. मग म्हणाला, “तुम्हीच सांगितलं होतं तसं, भाऊजी.”

त्यात टोमणा नव्हता. असता तर मोजणीदाराला बरं वाटलं असतं.

बायको आली. रात्री अंथरूण घालताना त्यानं तिला हळूच विचारलं, “तुला हा वेगळा नाही वाटत?”

ती उशीला अभ्रा चढवत होती. हात थांबले. “वाटतो,” ती म्हणाली. “कधी कधी मी स्वयंपाकघरात असते, तो मागं येऊन उभा असतो, आणि मला कळतच नाही. वळले की दचकते.” मग तिनं उशी जोरानं थोपटली. “पण अहो, एकोणतीस वर्षं मी या पोराच्या नावानं जागी राहिलेय. आता तो घरात आहे. वेळेवर आहे. मला एवढं पुरे. तुम्ही उगाच खोदून खोदून विचारत बसू नका त्याला.”

“बरं,” तो म्हणाला.

६

गुरुवारी सकाळी इंजिनिअर मॅडमनी सगळ्यांना कंटेनरच्या ऑफिसात बोलावलं. प्लास्टिक अंथरायची माणसं उद्या येणार, तेव्हा आजच्या आज बाराही नळ्या सिमेंटच्या पातळ राबडीनं भरून बंद करायच्या. प्रत्येक नळीचं शेवटचं माप मोजणीदारानं घ्यायचं. एखाद्या नळीत पाणी लागलं, किंवा काही शंका असली, तर तेवढा भाग उकरून बघायचा.

“शंका आहे का कुठं?” मॅडमनी विचारलं. बाई कडक होती पण न्यायाची होती. सांगितलं असतं तर तिनं तासाभरात पोकलेन उभं केलं असतं. “तुमच्या शब्दावर चालतं इथं सगळं, माहीत आहे ना? तुम्ही म्हणाल ते.”

“दुपारपर्यंत सांगतो,” तो म्हणाला.

एक ते सहा झाल्या. सगळ्या कोरड्या. पाठोपाठ राबडीची गाडी येत होती, तिचा पाइप नळीत घालायचे, घरघर, की झाली नळी बंद. सात नंबरशी तो पोचला तेव्हा गाडी अजून पाचवर होती. दोन नळ्यांचं अंतर, म्हणजे वीसेक मिनिटं.

त्यानं टेप सोडली. आठ मीटर. दहा. बारा. डबी वाजली नाही. साडेतेरावर वजन टेकलं, म्हणजे मोरीचा तळ. खालून खळखळ येत होती. तो गुडघ्यावर बसला, कान नळीला लावला आणि कुजबुजला, “आहेस?”

खळखळ थांबली.

टेप हातात हलली. वाऱ्यानं हलते तशी नाही. कुणी तरी ती दोन बोटांत धरली होती. मग वजनाशी काही तरी खुटखुट झालं, अगदी जपून, अंधारात आकडा चाचपावा तसं. आणि मग दोन हलके हिसके. ओढा.

त्यानं ओढली. साडेतेरा मीटर टेप गुंडाळायला किती वेळ लागतो? त्याला वाटलं, सकाळ झाली, संध्याकाळ झाली. नळीच्या तोंडातून वजन वर आलं. आकड्याला पितळी बिल्ला अडकवलेला होता. ओला नव्हता. गरम होता, मुठीत बराच वेळ धरलेला असावा तसा.

नंबर चार.

फळीवरच्या चार नंबरच्या बिल्ल्याची कड एका जागी चेपलेली होती. बारा वर्षांपूर्वी तो बिल्ला डंपरखाली आला होता. या बिल्ल्याचीही कड त्याच जागी चेपलेली होती. अंगठा आपोआप त्या खाचेत बसला.

त्याला अर्थ कळायला वेळ लागला नाही. बिल्ला हाती आला म्हणजे भेट झाली. जवळ होता तो बिल्ला देऊन खालच्यानं त्याच्या बाजूनं सगळं रीतसर केलं होतं. आता वरच्यानं दोन आखूड मारायच्या होत्या, उठून मॅडमकडं जायचं होतं, आणि सांगायचं होतं: उकरा.

फोन वाजला. बायको होती.

“अहो, काही नाही, सहज केला. तो सकाळी जाताना म्हणाला, ताई, रात्री मी स्वयंपाक करतो. ऐकताय का? स्वयंपाक! मी इतकी हसले.” तिचा आवाज भरून आला होता. “मला किनई, आई गेल्यापासून असं कधी वाटलंच नव्हतं. की आता काही वाईट होणार नाही.”

“हं,” तो म्हणाला.

“तुम्ही लवकर या. तिघं बसू.”

फोन ठेवला तेव्हा राबडीची गाडी सहा नंबरपाशी आली होती. मॅडम मागून चालत येत होत्या. मोजणीदाराच्या हातात बिल्ला होता. सांगितलं तर काय होईल, हे तो भराभर मोजत गेला. मोजणं एवढंच त्याला येत होतं. उकरतील. मोरी फोडतील. खाली जे असेल ते वर येईल. मग घरी जे आहे त्याचं काय? दोघं एका दारात उभे राहिले तर बायकोनं कुणाला आत घ्यायचं? आणि कुणीच न सापडलं, किंवा तीन आठवड्यांचं जे सापडतं ते सापडलं, तर? आणि सगळ्यात आधी मॅडम विचारतील, तुम्ही त्या दिवशी कुठं होता?

हा शेवटचा प्रश्न त्याला सगळ्यात जास्त झोंबला. त्याची त्याला नंतर फार लाज वाटली, पण झोंबला हे खरं.

“काय मोजणीदार?” मॅडम जवळ आल्या. “सात नंबर?”

त्यानं मूठ नळीच्या तोंडावर नेली आणि उघडली. बिल्ला कडांवर टणटण वाजत खाली गेला. तळाला लागल्याचा आवाज आला नाही. कुणी तरी तो वरच्या वर झेलला.

“कोरडी,” तो म्हणाला.

७

राबडी ओतायला चार मिनिटं लागली. पाइप घातल्यावर पहिल्या मिनिटात एक लांब शिट्टी आली. आधीच्या शिट्टीला दहा मिनिटं झाली नव्हती. आज पहिल्यांदाच खालच्यानं शिट्टीचा नियम मोडला होता. मग लगेच दुसरी. मग तिसरी, चौथी, एकीत एक अडकलेल्या.

“नळी वाजतेय बघा,” गाडीवाला हसून म्हणाला. “हवा अडकली असणार आत.”

“हवाच आहे,” मोजणीदार म्हणाला.

राबडी काठोकाठ आली तेव्हा एक बुडबुडा वर येऊन फुटला. गाडीवाल्यानं फळीच्या तुकड्यानं ती सपाट केली. मोजणीदारानं वहीत लिहिलं, सही केली. अक्षर नेहमीसारखंच सुवाच्य आलं. पुढच्या पाच नळ्या त्यानं कशा मोजल्या ते त्याला आठवत नाही, पण मोजल्या, आणि सगळे आकडे बरोबर होते.

घरी पोचला तेव्हा साडेसहा झाले होते, बाहेर अजून उजेड होता. टेबल मांडलेलं. तीन ताटं, तीन पेले. बायकोनं नवी साडी नेसली होती आणि ती उगाचच इकडून तिकडं करत होती. मेव्हणा स्वयंपाकघरातून भांडं घेऊन आला. भांड्यातलं उकळत होतं, बुडबुडे फुटत होते, वाफ येत होती. ऐकू काहीच येत नव्हतं.

“बसा हो,” बायको म्हणाली. “चेहरा काय असा? दमलात?”

“दमलो,” तो म्हणाला आणि बसला.

“मी लिंबू कापून आणते,” म्हणत ती आत गेली. तिच्या सुरीचा आवाज भिंतीपलीकडून येत होता, टक, टक, टक.

मेव्हणा त्याच्या ताटात वाढायला वाकला. इतक्या जवळ तो तीन आठवड्यांत आला नव्हता. मोजणीदारानं त्याच्याकडं बघायचं टाळलं. बघितलं ते फक्त वाढणाऱ्या हाताकडं. हात स्वच्छ होता, नखं कापलेली होती, आणि मनगटावरची शीर अजिबात उडत नव्हती.

“बरं केलंत, भाऊजी,” मेव्हणा त्याच्या कानाशी म्हणाला.

मोजणीदारानं पेला टेबलाच्या कडेपासून चार बोटं आत सारला. त्यानं कुणालाही काही सांगितलं नव्हतं.

“एवढ्याशा घरात दोघांना कुठं जागा होती?”

बायको लिंबाच्या फोडी घेऊन दारात आली होती. शेवटचं वाक्य तिच्या कानावर पडलं आणि ती हसली, खूप दिवसांनी हसावं तशी, मोकळी.

“दोघं कोण रे?” तिनं विचारलं.

मेव्हणा मोजणीदाराकडं बघत राहिला. उत्तर त्यानं द्यावं म्हणून.

“काही नाही गं,” मोजणीदार म्हणाला. “कामावरचं बोलत होतो. ये, बस तू.”

आणि त्यानं पहिला घास घेतला.